पत्ता नसलेलं वाक्य

गेल्या मे महिन्यात गावी गेले होते. संगमेश्वर तालुक्यातलं आमचं गाव. घर आता बंदच असतं. शेजारच्या काकूंनी हाक मारून ओटीवर बसवलं, पन्हं दिलं आणि आतून एक पत्र्याची ट्रंक आणली. काका मुंबईला गिरणीत होते तेव्हाची. १९८२ च्या संपानंतर ते कायमचे गावी आले ते ही ट्रंक घेऊन. काकूंनी धाडलेली सगळी पत्रं त्यांनी तिच्यात जपून ठेवली होती. काकूंना वाचता येत नाही. "वाच गो एखादं," त्या म्हणाल्या, "मास्तरांचं अक्षर तुला लागेल."

मास्तर म्हणजे माझे बाबा. आमच्या ओटीवरच गावाचं पोस्ट होतं आणि बाबा त्याचे पोस्टमास्तर. गावातले निम्मे पुरुष लालबाग-परळला. त्यांच्या मनीऑर्डरी यायच्या आणि इथून पत्रं जायची. पत्र लिहून देणं बाबांच्या नोकरीत बसत नव्हतं, पण दुपारी जेवणं आटोपली की बायका येऊन बसत. बाबा ऐकत, मधेच एखादा प्रश्न विचारत, लिहीत, लिहिलेलं वाचून दाखवत आणि मग विचारत, "टाकू?"

मी वरचंच एक अंतर्देशीय पत्र उचललं. एप्रिल १९७४. काका शिमग्याला येऊन परत गेले असणार. दुकानदाराची उधारी, गायीचं दुखणं, सासूबाईंचा खोकला, आणि मग हे वाक्य : "तुमच्या वाटणीची भाकरी अजून चुकून थापली जाते."

पुढची ओळ मला वाचता येईना. कारण हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. फक्त त्यात भाकरी नव्हती, चहा होता.

माझ्या वेळी आई बाळंतपणाला चिपळूणला, माहेरी गेली होती. तेव्हा, ऑगस्ट १९७८ मध्ये, बाबांनी तिला पाठवलेलं पत्र आजही तिच्या कपाटात आहे. त्यात लिहिलंय : "तुझ्या वाटणीचा चहा अजून चुकून टाकला जातो." बाबा अबोल होते. प्रेमाचं म्हणून त्यांनी काही बोलल्याचं मला आठवत नाही. आईसुद्धा अशा गोष्टी बोलणारी नव्हे; पण हे एक वाक्य ती सांगत आली. बाबा गेले तेव्हा भेटायला आलेल्यांनाही तिने तेच सांगितलं. आमच्या घरात ते वाक्य एखाद्या दागिन्यासारखं होतं. आणि तो दागिना चार वर्षं आधी दुसऱ्या घरासाठी घडवलेला निघाला.

काकूंना मी काही बोलले नाही. एवढंच विचारलं, की हे भाकरीचं तुम्ही सांगितलं होतं का बाबांना? त्या हसल्या. "मी कुठली सांगत्ये! मी म्हटलं, सगळं बरं आहे म्हणून लिवा. मास्तरांनी हे लिवून वाचून दाखवलं. मला लाजच वाटली. पण दुसऱ्या दिवशी भाकऱ्या मोजल्या, तर एक खरंच जास्त होती."

मला राग आला होता. हैदराबादेला परतल्यावर बरेच दिवस तो गेला नाही. रागाचं कारण नीट मांडता येत नव्हतं. बाबा खोटं बोलले होते का? चहा खरंच जास्त टाकला जात असेल. मग त्यांनी चोरी केली होती का? वाक्य तर त्यांचंच होतं. तरी काहीतरी फसवल्यासारखं वाटत होतं. प्रेमाचं वाक्य ज्याला लिहिलं त्याच्यापुरतंच असावं, ते साच्यातून काढलेलं नसावं, अशी आपली अपेक्षा असते. ही अपेक्षा बरोबर आहे का, हे मला ठरवायचं होतं. त्या विचारात मी पुन्हा ऐकू लागले तो एक जुना अल्बम.

'द मॅग्नेटिक फील्ड्स' हा अमेरिकन बँड मुळात बोस्टनचा. म्हणायला बँड, पण गाणी लिहिणारा, चाल लावणारा आणि बहुतेक वाद्यं स्वतः वाजवून ध्वनिमुद्रित करणारा माणूस एकच : स्टीफिन मेरिट. 'सिक्स्टी-नाइन लव्ह साँग्ज' हा त्यांचा अल्बम ७ सप्टेंबर १९९९ ला 'मर्ज रेकॉर्ड्स' या छोट्या, स्वतंत्र कंपनीने काढला. तीन सीडी, प्रत्येकीवर तेवीस, एकूण एकोणसत्तर प्रेमगीतं. विद्यापीठाच्या वसतिगृहात शिलाँगच्या एका मैत्रिणीने मला त्याच्या प्रती करून दिल्या होत्या. सीडीवर काळ्या मार्करने नुसते १, २, ३ असे आकडे.

या अल्बमची जन्मकथा कोणत्याही भावुक श्रोत्याला खट्टू करील अशी आहे. मेरिट मॅनहॅटनमधल्या एका पियानो बारमध्ये बसला होता. तिथे त्याला कल्पना सुचली, की आपण शंभर प्रेमगीतं लिहावीत. मग शंभर फार होतील म्हणून एकोणसत्तर. म्हणजे आधी आकडा ठरला. प्रेम, प्रेमभंग वगैरे नंतर. मेरिट बहुतेक गाणी अशा बारमध्ये बसूनच लिहितो. आणि त्याने मुलाखतीत स्वच्छ सांगून टाकलं आहे, की हा अल्बम प्रेमाविषयी नाही, प्रेमगीतांविषयी आहे आणि त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध नाही.

गातोही तो एकटा नाही. त्याचा स्वतःचा खोल, काहीसा निर्विकार आवाज आहेच. पण बरीच गाणी त्याने क्लॉडिया गॉन्सन, शर्ली सिम्स, एल. डी. बेगटॉल आणि डडली क्लूट यांच्यात वाटून दिली आहेत. मेरिट समलिंगी आहे, ते त्याने कधी लपवलेलं नाही. पण त्याच्या गाण्यातला 'मी' कधी पुरुष असतो, कधी स्त्री, कधी भोळा तर कधी पक्का लबाड. कोण कोणासाठी झुरतंय याचा हिशेब लावायला गेलं तर लागत नाही. ही त्याची जुनीच रीत. १९९१ चा पहिला अल्बम 'डिस्टंट प्लास्टिक ट्रीज' यातही शब्द, चाल, सिंथेसायझर सगळं मेरिटचं. आणि आवाज मात्र सुझन अ‍ॅनवे या गायिकेचा. 'मी' म्हणणारी एक, तो 'मी' लिहिणारा दुसरा.

आणि वाद्य तरी कोणतं? सिंथेसायझर. सतारीमागे भोपळा आणि तार असते, तबल्यामागे कातडं असतं. सिंथेसायझरमागे यातलं काहीच नसतं. विजेचं एक आंदोलन निर्माण करायचं, त्यातल्या नको त्या कंपनांना चाळणी लावायची, सूर किती वेगाने वर यावा आणि किती सावकाश विरावा ते ठरवायचं. कशाचीही नक्कल करता येणारा आणि कशाचाच मूळ आवाज नसलेला हा आवाज. म्हणूनच यंत्रातून काढलेल्या प्रेमगीतावर लोकांचा विश्वास बसत नाही. गिटार घेऊन घोगऱ्या आवाजात गाणारा माणूस खरा वाटतो आणि बटणं दाबणारा खोटा.

आपल्याकडे हा खटला पेटीवर चालून गेला आहे. परदेशी वाद्य, मोजून बसवलेले सूर, मींड काढता येत नाही, असे आरोप ठेवून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. आमच्या गावच्या देवळात त्या सगळ्या वर्षांत पेटीवरच भजन चाललं होतं. पेटीच्या कृत्रिमपणामुळे कोणाची भक्ती उणी झाल्याचं ऐकिवात नाही. मेरिटनेही एकदा स्वतःवर असंच बंधन घालून पाहिलं. २००४ ते २०१० या काळात त्याने सिंथेसायझरला हात न लावता लागोपाठ तीन अल्बम केले आणि २०१२ मध्ये तो सिंथेसायझरकडे परतला. सिंथेसायझर नव्हता म्हणून मधले अल्बम अधिक खरे झाले आणि पुढचे खोटे, असं ऐकताना म्हणता येत नाही. खरेपणा वाद्यात नसतो, इतपत माझं समाधान झालं.

मग तो गाणाऱ्याच्या मनात असतो का? इथे मला आपल्या परंपरेनेच अडवलं. कृष्णासाठी तळमळणाऱ्या गोपीच्या तोंडच्या गौळणी एकनाथांनी लिहिल्या. राम जोशी, होनाजी बाळा यांच्या लावण्यांत बोलणारी नायिका असते आणि लिहिणारा पुरुष. 'हे तुमचं स्वतःचं आहे का?' असं त्यांना कोणी विचारलं नाही, कारण तो प्रश्नच गैरलागू होता. काश्मीरच्या भट्टनायकाने हजारएक वर्षांपूर्वी यालाच 'साधारणीकरण' म्हटलं. त्याचा ग्रंथ हरवला, अभिनवगुप्ताच्या टीकेतून त्याचं म्हणणं आपल्यापर्यंत आलं. म्हणणं असं, की रंगमंचावरची भावना नटाची नसते, रामाची नसते, प्रेक्षकाच्या खाजगी आयुष्यातलीही नसते. ती कोणाचीच उरत नाही म्हणून सगळ्यांना चाखता येते.

मेरिटचा अल्बम या कसोटीवर अगदी नीट बसतो. एकोणसत्तर वेळा तो 'मी' म्हणतो आणि त्यातल्या एकाही 'मी'वर मालकी सांगत नाही. त्या जागेत कोणीही जाऊन बसावं. आणि लोक बसतातही. 'द बुक ऑफ लव्ह' हे त्यातलं एक गाणं. प्रेमाभोवती साठलेल्या जुनाट, बोजड पसाऱ्याची थट्टा करत ते सुरू होतं आणि ऐकता ऐकता तोच पसारा हवाहवासा करून सोडतं. पीटर गॅब्रिएलने ते २००४ साली एका चित्रपटासाठी गायलं, पुढे २०१० च्या आपल्या अल्बमातही घेतलं, आणि आता ते लग्नांत वाजतं. आकडा आधी ठरवून लिहिलेलं, प्रेमाविषयी नाहीच असं लेखकाने सांगितलेलं गाणं लावून माणसं एकमेकांना जन्मभराचं वचन देतात. त्यांची फसवणूक होते असं मी म्हणू शकत नाही. वचन मेरिटने दिलेलंच नाही, त्यांनी दिलंय.

इथपर्यंत आल्यावर बाबांची सुटका झाली असं मला वाटलं होतं. पण झाली नाही. कारण गाण्याला पत्ता नसतो. पत्राला असतो.

भट्टनायकाचा सिद्धांत नाट्यगृहापुरता बरोबर आहे. 'कोणाचंही नसलेलं' दुःख तिथे आपण सगळे मिळून चाखतो. पण कोणी ते वाक्य उचलून अंतर्देशीय पत्रावर लिहितं, घडी घालतं, बाहेरून नाव, गाव, जिल्हा आणि १९७२ पासून पिनकोड घालतं, तेव्हा ते साधारण राहत नाही. आता ते एका माणसाने एका माणसाला सांगितलेलं असतं. खरंखोटं करण्याचा प्रश्न नेमका इथे सुरू होतो. वाक्य कुठून आलं, आधी कोणासाठी वापरलं होतं, हे तेव्हा दुय्यम ठरतं. ज्याने पत्ता घातला त्याने त्या वाक्याची जबाबदारी घेतली का, हे विचारायला हवं.

मी हे बाबांवर लावून पाहण्याआधी मला स्वतःवर लावून पाहावं लागलं. सीडी देणाऱ्या त्या मैत्रिणीचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. मी तिला एक संदेश पाठवला. चांगला होता, चार ओळींचा, तोलून-मापून लिहिलेला. त्याआधी दोन ओळखीच्यांना मी तोच पाठवला होता, नाव बदलून. तिने उत्तर दिलं, 'थँक यू'. पुढे मी फोन केला नाही. कामं होती, मग उशीर झाला, मग उशिराचा संकोच. आता तर फोनच अशा वेळी वाक्यं सुचवतो. तेवढंही कष्ट पडत नाहीत.

तो संदेश खोटा होता. पण का खोटा होता? तिसऱ्यांदा वापरला म्हणून नव्हे. मी तो अगदी नव्याने, तिच्या वडिलांची आठवण काढून लिहिला असता आणि नंतर अशीच गप्प बसले असते, तरी तो तितकाच खोटा ठरला असता, कदाचित जास्तच. शब्द तयार मिळाले की त्यांच्या आड उभं राहता येतं, हा त्यातला खरा धोका. वाक्य पाठवलं की काम झालं असं वाटतं. वास्तविक तेव्हा कुठे देणं सुरू झालेलं असतं.

उलट, मनातलं थेट बोललं की आपोआप खरं होतं असंही नाही. मेरिटने हेही करून पाहिलं. आपली गाणी आत्मचरित्रपर नाहीत असं आयुष्यभर सांगितल्यावर, पन्नाशीला आल्यानंतर त्याने आयुष्याच्या प्रत्येक वर्षासाठी एक याप्रमाणे पन्नास गाणी केली. '५० साँग मेमॉयर' हा अल्बम २०१७ मध्ये आला. या वेळी गायला तो स्वतःच. ऐकायला तो मला आवडतो. पण त्यातला 'मी' खरोखरचा मेरिट आहे एवढ्याने त्यातली गाणी माझ्यासाठी अधिक खरी झाली नाहीत. पन्नास काय, एकोणसत्तर काय, साचा दोन्हीकडे आहे. आपण रडतोसुद्धा कोणाकडून तरी शिकलेल्या पद्धतीने.

मग बाबा. ते त्या बायकांचं अर्धा अर्धा तास ऐकून घेत. लिहिलेलं वाचून दाखवत. 'टाकू?' म्हणून विचारत. म्हणजे वाक्य बाबांचं असलं तरी ते पाठवायचं की नाही, हे काकूंच्या हातात होतं. त्यांनी लाजत का होईना, हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी भाकऱ्या मोजल्या. काकांनी ते आठ वर्षं ट्रंकेत सांभाळलं. त्या वाक्याची किंमत दोघांनी पुरेपूर मोजली होती. मग चार वर्षांनी, स्वतःच्या बायकोला लिहायची वेळ आली तेव्हा, हजार पत्रं लिहिलेल्या त्या अबोल माणसाला स्वतःसाठी एक ओळ सुचू नये? की सुचलेल्या सगळ्या ओळींतली खरी ठरलेली हीच होती, म्हणून तिलाच त्याने हात घातला? मला माहीत नाही. पण पूर्वी मला वाटत होतं तसा हा उष्टा दागिना आहे, असं आता मी म्हणणार नाही. आजीच्या पाटल्या आईकडे आल्या तेव्हा त्या उष्ट्या आहेत असं कोण म्हणालं?

राहता राहिला शेवटचा प्रश्न, आणि तो बाबांचा नव्हता, माझा होता. आई माझ्याजवळ राहते. हा अंक घरी येईल. बाकीच्या भाषांची पानं ती उलटून टाकते, मराठीतलं सगळं वाचते. म्हणजे हा लेख छापणं हेच तिला सांगणं होतं. तिला छापील पानावरून कळू देणं मला भेकडपणाचं वाटलं. न छापता गप्प बसणं शक्य होतं. पण मग पत्त्याची आणि जबाबदारीची एवढी भाषा कशाला केली?

म्हणून पाठवण्याआधी मी हे तिला वाचून दाखवलं. इथपर्यंतच, कारण पुढचं तेव्हा लिहिलेलं नव्हतं. मेरिट, सिंथेसायझर वगैरे तिने निमूट ऐकून घेतलं. मैत्रिणीच्या वडिलांचं आलं तेव्हा माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

वाचून संपल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिच्या भाकरीचं मला माहीत नव्हतं."

ती दुखावली की नाही, तिच्या चेहऱ्यावरून मला सांगता येईना. मी विचारलं, "टाकू?"

ती उठून स्वयंपाकघरात गेली. तिथूनच म्हणाली, "टाक. पण एक लिही. त्यांना शेवटपर्यंत एकट्यापुरता चहा करता आला नाही. मी उपासाला चहा घ्यायची नाही, ते त्यांना माहीत असायचं. तरी पातेल्यात माझा उरायचाच."

मैत्रिणीला मी त्या रात्री फोन केला. दोन वर्षं उशिरा. तिने उचलला.